काही नाही, पण…

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई मुलाकडे आइन्डहोवनला सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. शेजारी सत्तरीच्या एक डच बाई राहतात. चर्चला जात नाही, देव मानत नाही, असं त्या स्वतःच सांगतात. पण अंगणात बुद्धाची मूर्ती आहे, मंगळवारी योगाचा क्लास असतो, आणि रोज संध्याकाळी गेलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढे मेणबत्ती लागते. मग ही बाई आस्तिक की नास्तिक? पश्चिमेकडे धर्म खरंच संपत आला का? आणि 'हे लोक आता आपल्या अध्यात्माकडे वळताहेत' असं व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतं, त्यात तथ्य किती?

मी मूळची मिरजेची. नेदरलँड्समध्ये सत्तावीस वर्षं झाली. त्यातली अठरा एका मोठ्या रुग्णालयात ज्या हुद्द्यावर काढली त्याला डचमध्ये 'खेस्टलक फरझोर्खर' म्हणतात. घसा खाकरल्यासारखा हा शब्द उच्चारायला मला वर्ष लागलं. शब्दशः अर्थ, माणसाच्या आतल्या बाजूची काळजी घेणारी. पूर्वी हे काम पाद्रीच करत. 1996च्या कायद्यानं ठरवलं की जो रुग्ण 24 तासांहून जास्त काळ दाखल असेल त्याला त्याच्या धर्माप्रमाणे किंवा जीवनदृष्टीप्रमाणे अशी सोबत मिळालीच पाहिजे, आणि 2016च्या नव्या कायद्यातही ते कलम राहिलं. आमच्या विभागात एक प्रोटेस्टंट बाई, एक कॅथलिक गृहस्थ, आठवड्यातून दोन दिवस येणारे इमामसाहेब, आणि कुठल्याच पंथाला न बांधलेली मी. शिकले उट्रेख्तच्या मानवतावादी विद्यापीठात, जिथं देव असण्यानसण्याची अट नसते.

रुग्ण दाखल होताना नर्स 'धर्म किंवा जीवनदृष्टी?' असं विचारते. दहातले सहा-सात जण म्हणतात, 'निक्स'. म्हणजे काही नाही. नर्स टिक करते आणि पुढच्या रकान्याकडे वळते, तोवर रुग्ण म्हणतो, 'मार…' डचमध्ये 'मार' म्हणजे 'पण'. काही नाही, पण बायको गेल्यापासून मी तिच्याशी बोलतो. काही नाही, पण आजीची जपमाळ पर्समध्ये असते. काही नाही, पण काहीतरी असणारच ना वर. माझी नोकरी अठरा वर्षं या 'मार'वर चालली आहे.

आधी आकडे उरकते, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तेच सगळ्यात जास्त उधळले जातात. इथल्या सांख्यिकी कार्यालयाच्या हिशेबात 2017 साली कुठलाच धर्म न मानणारे प्रौढ पहिल्यांदा निम्म्याच्या वर गेले. 2021 साली ते 58 टक्के होते, कॅथलिक 18, प्रोटेस्टंट 14, मुसलमान 5. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2001च्या जनगणनेत स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे 71.7 टक्के होते, 2021 साली 46.2 राहिले. आयर्लंडसारख्या कडव्या कॅथलिक देशात 2016चे 79 टक्के 2022 साली 69 झाले. अमेरिकेत 'कुठलाच धर्म नाही' म्हणणारे 2007 साली 16 टक्के होते, आता 29च्या आसपास आहेत. पण तिथली ही वाढ गेल्या चार-पाच वर्षांत थबकली आहे. फ्रान्समध्ये 2025च्या ईस्टरला दहा हजारांवर प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याची मोठी बातमी झाली. जवळपास सात कोटींच्या देशात दहा हजार म्हणजे किती, ते तुम्हीच ठरवा. 'पश्चिम' असं एकच गाव नाही, म्हणून यापुढे मी ज्या गावाचं पाणी प्यायले त्याच गावाबद्दल बोलते.

आपल्याकडे समज असा की विज्ञान शिकले आणि देव सोडला. मला भेटलेल्या हजारभर म्हाताऱ्यांपैकी डार्विन वाचून चर्च सोडलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. इथलं चर्च रिकामं झालं त्याची कथा जास्त संसारी आहे. 1960पर्यंत हा देश उभ्या खांबांत वाटलेला होता. कॅथलिकांची शाळा वेगळी, वर्तमानपत्र वेगळं, रेडिओ वेगळा, कामगार संघटना, दवाखाना आणि फुटबॉल क्लब वेगळा. प्रोटेस्टंटांचं तेच, समाजवाद्यांचंही तेच. कॅथलिक शेळीपालकांची वेगळी संघटना होती असं अजून हसून सांगतात. 'एका उशीवर दोन धर्म, मध्ये झोपतो सैतान' ही इथली म्हण. आपल्याकडच्या जातीच्या बोर्डिंगा, जातीच्या पतपेढ्या आणि जातीचे वधूवर मेळावे आठवा, म्हणजे हे समजावून घ्यायला फार कष्ट पडणार नाहीत. 1954 साली कॅथलिक बिशपांनी फर्मान काढलं: समाजवादी रेडिओ नेमानं ऐकायचा नाही, आणि जो समाजवादी संघटनेत राहील त्याला संस्कार नाकारले जातील, चर्चचा अंत्यविधीही मिळणार नाही. रेडिओ ऐकायलासुद्धा बंदी!

आणि मग पंधरा वर्षांत हे सगळं कोसळलं. घरात टीव्ही आला. त्याला आधी एकच चॅनेल, मग दोन, त्यामुळे कॅथलिक घरात प्रोटेस्टंट कीर्तन आणि समाजवादी नाटक आपोआप शिरलं. 1963 साली डेन बॉशचे बिशप बेकर्स याच टीव्हीवर येऊन म्हणाले की मुलं किती हवीत हा नवरा-बायकोच्या सदसद्विवेकाचा प्रश्न आहे. दहा-बारा बाळंतपणं झालेल्या बायका टीव्हीपुढे रडल्या, असं मला तीन वेगवेगळ्या वॉर्डांत तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्यांनी सांगितलं आहे. पाच वर्षांनी, 1968 साली, रोमनं गर्भनिरोधक गोळीला साफ नकार दिला. पण तोवर माणसं स्वतःच्या सदसद्विवेकाला विचारायला शिकली होती, आणि ती सवय परत सुटत नाही.

त्याहून मोठी गोष्ट 1965 सालची. त्याआधी घरात चूल पेटेनाशी झाली की चर्चच्या दानमंडळाकडे हात पसरावा लागे, आणि दानमंडळ आधी विचारी, 'गेल्या रविवारी दिसला नाहीत?' 1 जानेवारी 1965 पासून सरकारी साहाय्याचा कायदा आला आणि दान होतं त्याचा हक्क झाला. तो आणणाऱ्या मार्गा क्लॉम्पे या देशाच्या पहिल्या महिला मंत्री, आणि स्वतः पक्क्या कॅथलिक. एका श्रद्धाळू बाईनं चर्चच्या हातातली भाकरी काढून सरकारच्या हातात दिली. तिनं ती दिली, हे मला बरोबरच वाटतं. पण त्यानंतर चर्चला जायला उरलेलं एकच कारण म्हणजे देव, आणि निव्वळ देवासाठी जाणारे लोक कुठल्याही काळात थोडेच असतात. (पंढरपुरालासुद्धा निव्वळ विठ्ठलासाठी किती आणि दिंडीतल्या सोबतीसाठी किती, हा प्रश्न मी माझ्या वारकरी आजोबांना एकदा विचारला होता. ते म्हणाले, वेगळं कशाला करतेस?)

ज्यांनी सोडलं त्यांच्याही दोन तऱ्हा असतात, आणि त्या न ओळखल्यानं मी एकदा मोठी चूक केली. नोकरीचं दुसरं वर्ष. एका रुग्णाच्या कागदावर 'कॅथलिक' लिहिलेलं. दिवस थोडे राहिलेले. मी उत्साहानं म्हटलं, 'फादरना बोलवू का?' तो माणूस काही बोलला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दोन दिवसांनी त्यानं आपणहून बोलावलं आणि लहानपणच्या वसतिगृहातल्या रात्रींबद्दल सांगितलं. ते इथं लिहीत नाही. पुढे डिसेंबर 2011 मध्ये डेटमन आयोगाचा अहवाल आला: 1945 ते 1981 या काळात कॅथलिक संस्थांमध्ये दहा ते वीस हजार मुलांवर लैंगिक अत्याचार झाले असा अंदाज. त्या दिवशी वॉर्डातल्या टीव्हीचा आवाज कुणी बंद करेना आणि त्याकडे कुणी बघेनाही. म्हणून धर्म सुटणं म्हणजे काहीतरी हरवणंच, असं मी धरून चालत नाही. काहींची ती सुटका असते.

उरलेल्यांचं काय, तर 'ईत्सिस्मे'. 'ईत्स' म्हणजे काहीतरी. काहीतरी-वाद! रोनाल्ड प्लास्टर्क नावाच्या जीवशास्त्रज्ञानं 1990च्या दशकात आपल्या सदरातून हा शब्द गाजवला. हेतू चिडवण्याचा होता: बायबलमधला देव नको, पण पूर्ण नास्तिक व्हायचंही धैर्य नाही, म्हणून 'काहीतरी असेल की' म्हणणारे. प्लास्टर्क पुढे शिक्षणमंत्री झाले आणि त्यांचा शब्द शब्दकोशात गेला. गंमत म्हणजे ज्यांना चिडवलं त्यांनीच तो आवडीनं घेतला. आज लोक सरळ म्हणतात, 'मी ना, ईत्सिस्ट आहे.'

व्हॉट्सअ‍ॅपवर न येणारी एक गोष्ट सांगते. इथं 1966 पासून दर दहा-पंधरा वर्षांनी 'नेदरलँड्समधला देव' नावाची मोठी पाहणी होते. व्यक्तिरूप देव मानणारे 1966 साली 47 टक्के होते, 2006 साली 24, 2015 साली 14. ही घसरण सगळ्यांना अपेक्षितच होती. पण 'काहीतरी' मानणारेही 2006 साली 36 टक्के होते ते 2015 साली 28 झाले. म्हणजे लोक चर्चमधून निघून अध्यात्माच्या दुकानात शिरले, असं झालं नाही. काही शिरले, काही काळ रेंगाळले, आणि त्यांची मुलं मागच्या दारानं बाहेर पडली. इंग्लंडमध्ये डेव्हिड वोआस आणि अ‍ॅलस्डेअर क्रॉकेट या अभ्यासकांनी 2005 साली दाखवलं की आई आणि वडील दोघंही श्रद्धाळू असले तरी मुलांमध्ये ती श्रद्धा उतरण्याची शक्यता साधारण निम्मी. दोघांपैकी एकच श्रद्धाळू असेल तर त्याच्याही निम्मी. अश्रद्धा मात्र पुरेपूर उतरते.

हे कोष्टक मी एका खाटेभोवती उभं राहिलेलं पाहिलं आहे. नव्वदीच्या बाई, स्मृतिभ्रंश एवढा की मुलाचं नाव आठवेना. मी हात धरून 'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना डचमध्ये सुरू केली आणि बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. न अडखळता, सूर लावून, शेवटच्या आमेनपर्यंत. साठीचा मुलगा पहिल्या दोन ओळी बरोबर म्हणाला आणि मग नुसते ओठ हलवत राहिला. नात विशीची. ती आजीकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, 'ते काय होतं? कविता होती का?'

तिच्या पिढीला देवाचा राग नाही. रागावण्याइतकी ओळखच नाही. त्यामुळे गेल्या पाच-सात वर्षांत इथली विशीतली मुलं कधीकधी उत्सुकतेनं चर्चमध्ये डोकावतात, बायबल मागतात. आजोबांना ज्याची जखम झाली ते नातवाला पुराणवस्तूसारखं नवं वाटतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. आपल्याकडे वळताहेत का? तुमच्या शेजारणीच्या अंगणातला बुद्ध बहुधा झाडांच्या दुकानातून आला असणार. इथं झाडं, खत आणि कुंड्या मिळणाऱ्या प्रत्येक मोठ्या दुकानात तीन आकारांत बुद्ध मिळतो, कारंज्यासकट. त्याच्यापुढे कुणी हात जोडत नाही. 'शांत वाटतं' एवढंच. या देशाची आणि भारताची अध्यात्मातली देवघेव खरी आहे, जुनीही आहे, पण तिचे तपशील पाहिले की अभिमानाची हवा थोडी कमी होते. 3 ऑगस्ट 1929 रोजी इथल्याच ओमेन गावच्या शिबिरात, अ‍ॅनी बेझंट समोर बसलेल्या असताना, जे. कृष्णमूर्तींनी इतरांनी त्यांच्याभोवती उभा केलेला पंथ विसर्जित केला आणि सत्याकडे जाणारी वाट नसते म्हणून सांगितलं. हजारो माणसं जगद्गुरूची वाट पाहत होती आणि जगद्गुरूनंच दुकान बंद केलं. बडोद्यात जन्मलेले इनायत खान (त्यांचे आजोबा मौलाबक्ष हे सयाजीराव महाराजांच्या दरबारचे गवई) 1922 साली काटवाइकच्या समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत ध्यानाला बसले, आणि तिथं 1970 पासून त्यांच्या सूफी संप्रदायाचं मंदिर उभं आहे. महर्षी महेश योगी आयुष्याची शेवटची अठरा वर्षं फ्लोड्रॉप गावात, फ्रान्सिस्कन संन्याशांच्या जुन्या मठात राहिले. आणि पुण्याच्या कोरेगाव पार्कातला रजनीशांचा आश्रम तर तुम्हाला माहीतच आहे.

तिथं 1979 साली राहिलेला एक रुग्ण मला भेटला. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर उशीवरून मान उचलून म्हणाला, 'चल, किती घेणार? कँपात जायचं.' चाळीस वर्षांपूर्वीच्या रिक्षावाल्याशी घातलेली हुज्जत त्याला तोंडपाठ होती, कृष्ण-बुद्ध-लाओत्झू मात्र सगळे विसरले होते. त्यानं तिथून काय आणलं ते मी विचारलं. तो म्हणाला, 'माझे वडील गेरेफॉर्मेर्द या कडक प्रोटेस्टंट पंथाचे. घरात कुणी कुणाला मिठी मारत नसे. पुण्यात मला पहिल्यांदा कुणीतरी मिठी मारली.' म्हणजे शोधत होता बापाला, सापडलं पुणं. यात आपल्या अध्यात्माचा विजय शोधायचा असेल तर शोधा, मला त्यात एक डच घरच दिसलं.

इथं जे आलं ते एकट्या माणसाला वापरता येण्यासारखं तेवढंच आलं. श्वास, आसन, ध्यान, चटई. सोवळंओवळं, कुलदैवत, उपासतापास, चुलतचुलत्यांची लग्नं, श्राद्धाला कोण बसणार यावरचं भांडण, म्हणजे ज्याला आपण घरात धर्म म्हणतो ते विमानात बसलंच नाही. पुनर्जन्माचंच पाहा. आपल्याकडे पुन्हा जन्म म्हणजे फेरा, तो चुकवायचा. 'पुनरपि जननं पुनरपि मरणं' आपण कौतुकानं म्हणत नाही. इथं बाई डोळे चमकवून सांगते, 'मला वाटतं मी परत येईन!' तिला फेऱ्याचा धाक नाही, सुट्टी वाढवून मिळाल्याचा आनंद आहे. चुकीचं काही नाही त्यात. पण ते आपलं नाही, तिचंच आहे.

या हवं-ते-निवडा अध्यात्माची एक बाजू मला खुपते, आणि ती कर्करोगाच्या वॉर्डात दिसते. चाळिशीची बाई, स्तनाचा कर्करोग, हाडांत उतरलेला. तिनं मला हळूच विचारलं, 'मी कुठला राग गिळला असेल?' कुठल्याशा शिबिरात तिला सांगितलं होतं की न बोललेला राग शरीरात गाठ होऊन बसतो, मन मोकळं केलं की गाठ विरते. ती सहा महिने आईवर, बहिणीवर, घटस्फोटित नवऱ्यावर रागावून पाहत होती, गाठ विरावी म्हणून. पूर्वी पाप होतं, आता ऊर्जा आहे. पण पापाला निदान क्षमा होती, आणि ती द्यायला समोर कुणीतरी बसलेलं असे. ऊर्जेच्या हिशेबात सगळं खातं तुमच्याच नावावर. त्या दिवशी मी तिला एवढंच म्हटलं की पेशींना तुमच्या बहिणीचं नाव माहीत नाही. ती हसली, मग बराच वेळ रडली.

रुग्णालयात आमची एक शांततेची खोली आहे. पूर्वी ते छोटं चर्च होतं. क्रूस आता कपाटात असतो, रविवारी बाहेर निघतो. कोपऱ्यात मक्केच्या दिशेचा बाण, दुसरीकडे वाळूचं तबक आणि मेणबत्त्या. ऑक्सिजनच्या नळ्यांमुळे अग्निशमनवाल्यांनी खऱ्या मेणबत्त्या बंद केल्या आणि बॅटरीच्या आणून दिल्या. इतक्या तक्रारी त्या खोलीबद्दल कधी आल्या नव्हत्या. देव काढला तेव्हा कुणी काही बोललं नाही, ज्योत काढली तर पत्रं आली. 'बटण दाबून माझ्या भावासाठी काय मागू?' असं एकानं लिहिलं. शेवटी एका काचेच्या पेटीत खरी ज्योत ठेवायची परवानगी मिळाली. तिथं एक वहीही आहे, कुणीही काहीही लिहावं अशी. जुन्या वह्यांत 'हे प्रभू' असे. आता सुरुवात होते 'प्रिय बाबा', 'प्रिय ऑमा' (म्हणजे आजी), आणि एकदा, शाळकरी अक्षरात, 'प्रिय जो कोणी हे वाचतो त्याला'. खाली एवढंच होतं की आईचं ऑपरेशन दहा वाजता आहे आणि तिला मांजरं आवडतात.

याला मी प्रार्थना म्हणते. आमचे कॅथलिक सहकारी अर्धवट प्रार्थना म्हणतात. आमचा हा वाद दहा वर्षं चालू आहे.

पण खरी अडचण मरणाच्या वेळी उभी राहते. या देशात 2002 पासून इच्छामरणाचा कायदा आहे. असह्य आणि सुधारणेची आशा नसलेलं दुखणं, रुग्णाची स्वतःची विचारपूर्वक मागणी, दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरची तपासणी, अशा अटी आहेत. 2023 साली असे 9,068 मृत्यू नोंदले गेले, एकूण मृत्यूंच्या 5.4 टक्के. ते योग्य की अयोग्य हा तुमचा प्रश्न नव्हता, म्हणून त्यात शिरत नाही. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे: वेळ ठरलेली असते. गुरुवार, दुपारी दोन. आणि दोन वाजेपर्यंत काय करायचं, हे कुणालाच माहीत नसतं.

झेलंडकडचा एक माणूस, वय 81, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. तिशीतच चर्च सोडलेलं. मी आदल्या दिवशी घरी गेले. मुलगी म्हणाली, 'डॉक्टर झाले, कागद झाले, उद्या सकाळी आम्ही सगळे इथं येऊन बसणार. पण बसून करायचं काय? बायबल वाचलं तर बाबा हाकलून देतील.' मी विचारलं, रविवारी तुमच्याकडे काय असायचं? चर्च सुटलं तरी एक गोष्ट सुटली नव्हती. चर्चनंतरची कॉफी. चर्च नाही, पण बरोबर त्याच वेळेला बाबा गुडघ्यांत लाकडी हातचक्की धरून कॉफीचे दाणे दळायचे, पन्नास वर्षं. चक्की माळ्यावर होती. गुरुवारी मुलानं ती पुसून आणली. खाटेभोवती हातोहात फिरली, प्रत्येकानं थोडे फेरे दिले, सगळ्यात धाकट्या पणतीनं दोन्ही हातांनी. शेवटी बाबांच्या मांडीवर ठेवली. त्यांच्यात जोर नव्हता, मुलानं त्यांच्या हातावर हात ठेवून फिरवली. खोलीभर वास. कुणी भाषण केलं नाही. बाबा म्हणाले, 'फार बारीक करू नका, कडू होते.' दोनला डॉक्टर आले तेव्हा त्यांनाही कप दिला.

मी घरी येताना गाडीत विचार करत होते की ती कॉफीसुद्धा चर्चचीच उधारी होती. त्या कुटुंबानं देव परत दिला, पण त्याच्या मागची कॉफी ठेवून घेतली आणि तिच्यावर पन्नास वर्षं काढली. आता जी मुलं मोठी होताहेत त्यांच्या माळ्यावर काय असेल? 2005 साली ईडा फान डेर ली या कलावतीनं अ‍ॅमस्टरडॅमच्या एका दफनभूमीत नोव्हेंबरच्या रात्री दिवे लावून मृतांची आठवण जागवायला सुरुवात केली. कॅथलिकांचा सर्वपितरांचा दिवस होता त्याला धर्माशिवाय नवं रूप दिलं. आज ते गावोगावी होतं. लोक नुकते गेलेल्यांची नावं मोठ्यानं उच्चारतात, सूप पितात, घरी जातात. दरवर्षी ईस्टरच्या आधी बाखची 'मॅथ्यू पॅशन' ही येशूच्या मरणाची गायनकथा ऐकायला अर्धा देश लोटतो, त्यात येशू मानणारे किती असतील कोण जाणे. म्हणजे हात रिकामे नाहीत. फक्त दर वेळी सगळं स्वतः जुळवावं लागतं, आणि ते नेमकं अशा आठवड्यात करावं लागतं की माणसाला चहासुद्धा सुचत नसतो.

आपल्या लोकांना यातून सूट नाही, हे तुमच्या मुलासाठी सांगते. गेल्या काही वर्षांत मला मराठी घरांचेही फोन येतात. इकडे राहायला आलेले वडील अचानक गेले, मुलगा आयटीत, पंधरा वर्षं इथं. 'मॅडम, गीतेचा पंधरावा अध्याय म्हणतात ना? मी यूट्यूबवर लावलाय, पण मध्ये जाहिरात लागली.' गुरुजी व्हिडिओ कॉलवर, तिकडे रात्रीचे आठ, इकडे विद्युतदाहिनीच्या बाहेर पुढचं कुटुंब थांबलेलं. रामरक्षा त्याच्या आईला पाठ, त्याला अर्धी, त्याच्या मुलीनं नुसती ऐकलेली. तीच नव्वदीच्या बाईंची खाट, फक्त भाषा वेगळी.

तर तुमची शेजारीण. ती आस्तिक की नास्तिक हा प्रश्न तिला विचारलात तर ती नम्रपणे 'निक्स' म्हणेल आणि विषय संपेल. मेणबत्तीबद्दल विचारा. नवरा कसा होता, ज्योत कुठल्या वेळी लावता, हे विचारलं तर इथल्या माणसाला ते आगाऊपणाचं वाटत नाही, उलट बहुतेकांना ते कुणी विचारतच नाही. कर्म, प्रारब्ध, 'देवाची इच्छा' यांतलं काही सांगायला जाऊ नका. बुद्धाचं कौतुक करायला हरकत नाही, पण तो आपला आहे असं म्हणू नका, तिनं पैसे मोजून आणला आहे. आणि न कळवता जाऊ नका, आधी विचारून वेळ ठरवा. ती बहुधा सकाळी साडेदहा सांगेल. कॉफीबरोबर एकच बिस्कीट मिळेल आणि डबा बंद होईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दुसऱ्या कपाला डबा पुन्हा उघडला, तर बसून राहा.